भूतदयेचा हिशेब

रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी करणारे एकनाथ आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, या दोन कथा मराठी घरांत मुले अक्षर गिरवू लागण्याच्या आधीच ऐकतात. भूतदया शिकण्यासाठी महाराष्ट्राला कोणाची शिकवणी लावावी लागली नाही. तथापि या कथांतील एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. गाढव पाणी पिऊन उठले आणि कुत्रा पोळी घेऊन गेला की कथा संपते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची घाण कोणी काढली, जखम कोणी धुतली, औषध कोणी पाजले, हे प्रश्न तेथे उद्भवत नाहीत. प्राण्यांच्या निवाऱ्यात मात्र ते रोज सकाळी उद्भवतात.

पुण्यात अशा कार्याची उणीव नाही. भोसरीला पांजरपोळ आहे, जखमी प्राण्यांवर उपचार करणारी ‘रेस्क्यू’सारखी संस्था आहे, ब्लू क्रॉस आहे. रविवारची सुटी अशा ठिकाणी सत्कारणी लावावी असे अनेक विद्यार्थ्यांना, शिक्षकांना आणि कचेरीतल्या नोकरदारांना वाटते. ही इच्छा चांगली आहे, यात शंका नाही. परंतु इच्छा आणि निर्णय यांत अंतर असते, आणि हे अंतर हिशेबाने ओलांडावे लागते.

पांजरपोळाचा धडा

या प्रश्नाचा इतिहास मुंबईत सुरू होतो. मोकाट कुत्री मारणाऱ्यांना बक्षीस देण्याच्या सरकारी धोरणामुळे १८३२ च्या जून महिन्यात तेथे दंगल उसळली. पारशी समाज रस्त्यावर आला, दुकाने बंद झाली, किल्ल्यातील फौजेची रसदही अडली. परंतु संतापाने कुत्र्यांचे पोट भरत नाही, हे तत्कालीन व्यापाऱ्यांनी ओळखले. १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ उभे राहिले. पांजरपोळांचा खर्च व्यापारी महाजन आपल्या मालावर स्वेच्छेने बसवलेल्या ‘लाग्या’तून भागवीत. म्हणजे करुणेची लहर येईल तेव्हा दान, अशी ती व्यवस्था नव्हती. व्यापार चालेल तोवर चाऱ्याची सोय होत राहावी, अशी तिची रचना होती. मुंबईची ती संस्था जवळजवळ दोन शतके टिकून आहे, याचे श्रेय भावनेइतकेच या नियमितपणालाही द्यावे लागेल.

पुण्यातील सार्वजनिक सेवेची परंपराही हेच सांगते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सदस्यांना पाच वर्षांच्या तयारीची अट घातली. सेवेची तळमळ असलेल्या सुशिक्षित तरुणांनाही आधी शिकावे लागेल, असे गोखल्यांना वाटले. मग मुक्या जिवांची सेवा तेवढी पूर्वतयारीवाचून जमेल, असे मानणे योग्य होणार नाही.

फुकट श्रमाची किंमत

स्वयंसेवकाला वेतन नसते, म्हणून त्याचे श्रम संस्थेला फुकट पडतात, असा सर्वसाधारण समज आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो चुकीचा आहे. समजा, नव्या स्वयंसेवकाला भेदरलेल्या कुत्र्याजवळ कसे जावे, पट्टा कसा घालावा, पिंजरा कसा धुवावा हे शिकवण्यात तेथील अनुभवी मदतनिसाचे आठ तास जातात. स्वयंसेवक आठवड्यातून दोन तास येतो. त्याचे दोन तास मदतनिसाच्या दोन तासांइतके फलदायी आहेत असे उदारपणे धरले, तरी पहिले चार रविवार केवळ ही उसनवारी फेडण्यात जातात. जो तिसऱ्या रविवारनंतर येईनासा होतो, तो संस्थेला काही देत नाही. उलट तिचे देणे ठेवून जातो. ते देणे अल्प वेतनावर राबणाऱ्या त्या मदतनिसाच्या माथी बसते.

याचा अर्थ स्वयंसेवक निरुपयोगी असतो असा नव्हे. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने १९७० साली रक्तदानावरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की विकत घेतलेल्या रक्तापेक्षा स्वेच्छेने दिलेले रक्त समाजाला अधिक हितावह ठरते. पैशाने मिळत नाही असे काही स्वेच्छेच्या श्रमातही असते. एका मदतनिसाकडे अनेक पिंजरे असतील, तर अंग चोरून कोपऱ्यात बसलेल्या कुत्र्यापाशी अर्धा तास स्वस्थ बसण्याची सवड त्याला कोठून मिळणार? परंतु तशी सवड मिळाली तरच असा प्राणी माणसाळतो आणि कोणाच्या तरी घरी जाण्याजोगा होतो. हे काम स्वयंसेवकच करू शकतो. मात्र त्यासाठी दर आठवड्याला तोच माणूस यावा लागतो. जनावराला विश्वास वाटतो तो व्यक्तीविषयी, संस्थेविषयी नव्हे.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक इशारा आवश्यक आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तासांची सेवा अपेक्षित असते. तासांची मोजणी शिस्तीसाठी आहे. प्रमाणपत्र हाती पडताच जेथे सेवा थांबते, तेथे तास भरतात आणि पिंजरे पुन्हा ओस पडतात.

जागेचे गणित

निवाऱ्यांवरील भार का वाढणार, हेही समजून घेतले पाहिजे. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री आढळली. २००१ च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांचे मूलतत्त्व असे, की कुत्रा पकडावा, त्याचे निर्बीजीकरण व लसीकरण करावे आणि त्याला मूळ जागी सोडावे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळून, हेच तत्त्व मान्य केले. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात मात्र शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा आवारांतील कुत्री निवाऱ्यात न्यावीत व पुन्हा तेथे सोडू नयेत, असे सांगण्यात आले.

या दोन पद्धतींतील फरक साध्या गणिताने कळतो. एका पिंजऱ्यात कुत्रा आठवडाभर राहून परत जात असेल, तर वर्षात त्या पिंजऱ्यातून पन्नासावर कुत्र्यांवर शस्त्रक्रिया होऊन जाते. तोच कुत्रा जन्मभर राहणार असेल, तर पुढील दहा-बारा वर्षे ती जागा एकट्याची झाली. बांधकामाचा खर्च एकदाच होतो. अन्न, औषध आणि श्रम रोज लागतात. आदेश कागदावर एका दिवसात उतरतो, पण तो अंमलात आणणारे हात वर्षानुवर्षे पुरवावे लागतात.

माणसांची दैना संपलेली नसताना जनावरांसाठी हा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. त्याला उत्तर आहे. जगात रेबीजने दरवर्षी अंदाजे ५९ हजार माणसे दगावतात. त्यांपैकी सुमारे तृतीयांश भारतात मरतात, असे मानले जाते. यांतील बहुतेकांना हा रोग कुत्र्याकडून होतो, आणि बळी पडणाऱ्यांत गरीब वस्त्यांतील मुले फार असतात. सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली गेली तर या रोगाची साखळी तुटते. तेव्हा जो कुत्र्याला लस टोचून घेतो, तो माणसाचेच रक्षण करीत असतो.

निर्णयाची कसोटी

म्हणून निर्णय घेणाऱ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. निदान एक वर्ष, ठरलेल्या दिवशी, परीक्षा व पाहुणे सांभाळून जाता येईल काय? गोंजारण्याऐवजी झाडू हाती दिला तरी उत्साह टिकेल काय? आणि जीव लावलेला प्राणी दगावला, तर पुढच्या रविवारी पाऊल पुन्हा तिकडे वळेल काय? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर आधी रेबीज प्रतिबंधक लस घ्यावी आणि मगच पिंजऱ्यात पाऊल टाकावे. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम पंधरा मिनिटे साबणाने व वाहत्या पाण्याने धुवून लगेच डॉक्टरांकडे जावे, हेही ठाऊक असावे.

उत्तर नकारार्थी आले तर त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. दरमहा ठरावीक रक्कम पाठवणारा कारकून व्यापाऱ्यांच्या लाग्याचीच परंपरा चालवतो. गल्लीतील कुत्र्यांची नोंद ठेवून महापालिकेच्या पथकाला ती पकडून देण्यास साहाय्य करणारा शिक्षक निवाऱ्यावरील भार मुळाशीच कमी करतो. निवाऱ्यातील एक प्राणी घरी आणून सांभाळणारे कुटुंब एक पिंजरा मोकळा करते. हे सर्व सेवेचेच प्रकार आहेत, आणि अर्धवट सोडलेल्या स्वयंसेवेपेक्षा ते निश्चितच श्रेयस्कर होत.

प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे राज्यघटनेने १९७६ च्या दुरुस्तीपासून नागरिकाचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. या कर्तव्याचा कस उत्साहाच्या पहिल्या रविवारी लागत नाही. पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी, निवाऱ्यात चिखल झालेला असताना आणि निम्मे स्वयंसेवक घरी बसलेले असताना, जो ठरल्या वेळी फाटकाशी हजर होतो, त्याच्याच भरवशावर त्या दिवशी तेथील प्राण्यांना वेळेवर अन्न मिळते.