डास मरत का नाहीत?

संध्याकाळी खिडक्या लावल्या, प्लगला औषधाची बाटली बसवली, वर कॉइलही पेटवली, तरी डास कानाशी गुणगुणतोच. ‘डासांना आता या औषधाची सवय झाली,’ असे मग घरोघर म्हटले जाते. बाटली संपत आलेली असते किंवा दाराला फट असते, हेही खरे. पण पुष्कळदा कारण डासाच्या जनुकात दडलेले असते, आणि तिथे ‘सवय’ हा शब्दच चुकतो.

कॉइल, बाटलीतला द्रव, औषध लावलेल्या मच्छरदाण्या या सर्वांत बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड गटातले रसायन असते. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात कीटकनाशक द्रव्य सापडते, त्याची ही कारखान्यात घडवलेली भावंडे. ही रसायने आणि जुने डीडीटी कीटकाच्या शरीरात एकाच जागी घाव घालतात. मज्जातंतूच्या आवरणात सोडियमचे कण आत घेणारी सूक्ष्म दारे असतात. संदेश जाताना ती क्षणार्धात उघडतात आणि लगेच मिटतात. औषध या दारात पाचर मारते. दार मिटत नाही, मज्जातंतू थांबत नाही, डास थरथरतो आणि पाय वर करून खाली पडतो.

माणसाच्या मज्जातंतूंतही अशीच दारे आहेत. दात काढण्यापूर्वी देतात ते बधिर करणारे इंजेक्शन आणि फेफऱ्यावरची फेनिटॉइनची गोळी, दोन्ही त्यांच्यावरच काम करतात. मात्र आपली दारे पायरेथ्रॉइडला फारशी दाद देत नाहीत. शिवाय आपले यकृत त्याचा लवकर निकाल लावते. मांजराच्या यकृताला ते नीट जमत नाही. म्हणून कुत्र्याच्या गोचिडांवरचे परमेथ्रिन मांजराला कधीही लावू नये.

या दाराचे जनुक सापडले ते मात्र डासात नव्हे, पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणाऱ्या फळमाशीत. प्रयोगशाळेत ही माशी जवळजवळ शंभर वर्षांहून अधिक काळ पाळली जाते. गुणसूत्रांच्या जोड्या अवघ्या चार, आणि अंड्यापासून माशी व्हायला दहा-बारा दिवस. १९७१ साली डेव्हिड सुझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा माश्यांचे वर्णन केले, ज्या २९ अंशांच्या उबेत नेताच लुळ्या पडत आणि थंडाव्यात आणताच पुन्हा उडू लागत. बिघाड कशात आहे हे कळायला बराच काळ गेला. १९८९मध्ये ते जनुक वाचले गेले आणि त्यातून सोडियमच्या दाराचेच प्रथिन बनते हे स्पष्ट झाले. माश्या लुळ्या पाडण्याचा हा उद्योग त्या वेळी अनेकांना निरुपयोगी वाटला असेल. पण डासांचा अभ्यास करणाऱ्यांना नेमकी हीच किल्ली हवी होती.

डीडीटी फवारूनही न कोसळणाऱ्या घरमाश्यांची नोंद १९५१मध्येच झाली होती. त्यांचे हे जनुक १९९६मध्ये तपासले, तेव्हा फरक अगदी क्षुल्लक निघाला. हे प्रथिन म्हणजे सुमारे २,००० अमिनो आम्लांची माळ. तिच्यात १०१४व्या जागी ल्युसीनऐवजी फेनिलॲलनिन आले होते, म्हणजे जनुकातले एकच अक्षर बदलले होते. तेवढ्याने दाराचा आकार असा पालटतो की पाचर नीट बसतच नाही. दोनच वर्षांनी आफ्रिकेतल्या मलेरियाच्या डासातही त्याच जागी तोच बदल आढळला. पुढे भारतातल्या ॲनॉफेलीस डासांतही तो सापडला.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्तीची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याच्या जनुकात त्या जागेचे स्पेलिंगच निराळे असल्याने हा बदल घडायला एकाऐवजी दोन अक्षरे बदलावी लागतात. असा योग क्वचितच येतो. पण एडिसने दुसरी वाट काढली. त्याच प्रथिनात १०१६ आणि १५३४ या जागांवरचे बदल त्याला वाचवतात.

फवारणीने हे बदल घडत नाहीत. लाखो डासांत एखाद्यात तो योगायोगाने आधीच असतो. फवारणी बाकीच्यांना मारते आणि त्या एकाच्या संततीला मैदान मोकळे करून देते. अर्धवट अँटिबायोटिकने चिवट जंतू मागे उरतात, तसेच हे. भारताने याची किंमत मोजली आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असल्याचा अंदाज होता. डीडीटीच्या फवारणीने हा आकडा १९६५पर्यंत एक लाखावर आला आणि १९७६मध्ये पुन्हा ६४ लाखांच्या वर गेला. पैशांची टंचाई, सुस्तावलेली यंत्रणा अशी इतरही कारणे होती. पण डासांनी डीडीटीला जुमानणे सोडले, हे त्यांतले मोठे.

डासाकडे दुसरेही हत्यार आहे. औषध दारापर्यंत पोहोचण्याआधीच ते फोडून टाकणारी विकरे काही डास भरमसाट तयार करतात. या विकरांना रोखणारे पीबीओ नावाचे द्रव्य आता काही मच्छरदाण्यांत पायरेथ्रॉइडसोबत घालतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७मध्ये अशा जाळ्यांना मान्यता दिली. २०२३मध्ये, सोडियमच्या दाराशी संबंधच नसलेले क्लोरफेनापिर घातलेल्या जाळ्यांचीही तिने शिफारस केली.

याहून धाडसी कल्पना डासाचे जनुकच संपादित करण्याची आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील आंद्रेआ क्रिसांती यांच्या गटाने २०१८मध्ये मादीच्या जडणघडणीला लागणारे एक जनुक निकामी केले, आणि तो बदल निम्म्या नव्हे तर जवळपास सर्व पिलांत उतरेल अशी सोय केली. पिंजऱ्यातली डासांची वस्ती ७ ते ११ पिढ्यांत संपली. खुल्या हवेत एकदा सोडलेला असा डास परत बोलावता येत नाही. त्यामुळे इथे घाई नको, असे म्हणणाऱ्यांची बाजू जड वाटते.

मुंबईसारख्या शहरांत मलेरिया पसरवणारा ॲनॉफेलीस स्टिफेन्सी विहिरींत आणि गच्चीवरच्या टाक्यांत अंडी घालतो. हाच डास २०१२मध्ये आफ्रिकेतल्या जिबूतीत आढळला आणि तिथून शेजारच्या देशांत पसरला. त्याच्या जनुकात कोणते अक्षर बदलले आहे, याने घट्ट झाकण लावलेल्या टाकीला काही फरक पडत नाही. विहिरीत सोडलेल्या गप्पी माशांनाही नाही.