अस्वलाचा कैवार घ्यायचा तर

रविवारी गौताळ्याच्या जंगलात हिंडणाऱ्या आमच्या गटात एक बँकवाला, एक मेडिकलवाला, मी निवृत्त मास्तर आणि बाकी कॉलेजची पोरं. वन्यजीवशास्त्र शिकलेलं कुणीच नाही. मग अस्वलाचा एवढा पुळका का? कुणाला फोटो हवा असतो, कुणाला थरार. माझ्या डोक्यात मात्र लहानपणचा दरवेशी होता. भीती जावी म्हणून आईनं त्याच्याकडून अस्वलाचा केस घेऊन माझ्या ताईतात घातला होता. त्या जनावराच्या नाकाडातून तापलेली सळई घालून दोर ओवतात, दात पाडतात, हे फार पुढे कळलं.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालीच आला, तरी अस्वलं नाचतच राहिली. १९९५ मध्ये कार्तिक सत्यनारायण आणि गीता शेषमणी यांनी ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही संस्था काढली. त्यांनी अस्वलं सोडवून आग्र्याच्या केंद्रात नेली, तशी अस्वलवाल्या कलंदर कुटुंबांना दुसरा धंदा उभा करून दिला, त्यांच्या पोरांना शाळेत घातलं. सहाशेंवर अस्वलं सुटली आणि २००९ मध्ये हा खेळ जवळपास संपला. कायद्याला जे जमलं नाही, ते दरवेशाच्या पोटाची सोय लागल्यावर जमलं.

आता गाठ शेतकऱ्याशी आहे. गौताळ्यात अस्वल क्वचित. बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्याकडे जास्त. वाळवी, मुंग्या, बोरं, मोहफुलं हा त्याचा आहार. नजर अधू, त्यामुळे माणूस अगदी जवळ आला की दचकतं आणि सरळ तोंडावर झेपावतं. मोहफुलं वेचायला पहाटे निघालेली माणसं म्हणूनच सापडतात. एका पारावर आम्ही अस्वलाचं महत्त्व सांगत होतो, तर एक म्हातारा म्हणाला, “मास्तर, तुमच्या अस्वलानं आमच्या माणसाचं तोंड फाडलं, तवा तुमी कुठं व्हता?”

तेव्हापासून भाषणं बंद. एकट्यानं जाऊ नका, बोलत-खाकरत चला, एवढंच सांगतो. जखमी माणसाचा पंचनामा, दवाखान्याचे कागद, भरपाईचा अर्ज यांच्या मागे लागतो. अस्वल विहिरीत पडलं की १९२६ वर वनखात्याला फोन करतो आणि ते येईपर्यंत गर्दी थोपवतो. वनमजूर शिडी सोडतात. काठावर मोबाइल उंचावलेली माणसं असली, तर अस्वल तळाशी गुरगुरत बसतं. माणसं हटली की बहुतेकदा आपलं आपण चढून रान गाठतं.

आमच्यामुळे किती अस्वलं वाचली, याचा हिशेब मांडता येणार नाही. काठ्या-कुऱ्हाडी काढण्याआधी गाव फोन करतं का, हीच आमची परीक्षा. म्हणून नवा पोरगा गटात आला की त्याच्या हाती आधी भरपाईचा अर्ज देतो. तो भरताना कंटाळला, तर स्वारी फोटोपुरती आली होती असं समजतो.