नवा गुडघा (लेखांक ५) : थंडाव्याची मात्रा आणि मर्यादा

गेल्या लेखांकात गुडघा वाकवण्याच्या व सरळ करण्याच्या व्यायामांचा विचार केला. त्या व्यायामांच्या आड येणारी जी सूज, तिचा आणि तिच्यावर बहुतेक रुग्णालयांत सांगितल्या जाणाऱ्या बर्फाच्या शेकाचा परामर्श आज घ्यावयाचा आहे. विषय दिसावयास क्षुल्लक. परंतु घरी परतलेल्या रुग्णाच्या खाटेभोवती जेवढे वाद बर्फावरून माजतात, तेवढे गोळ्यांवरून माजत नाहीत. डिस्चार्ज कार्डावर सर्जनने बर्फ लिहिलेला असतो, फिजिओथेरपिस्ट तोच हुकूम तोंडी बजावून जातो, आणि घरातली वडीलधारी मंडळी मात्र ‘हाडात गारठा शिरेल’ म्हणत गरम पाण्याची पिशवी घेऊन उभी असतात.

ही भीती अडाणीपणाची म्हणून उडवून लावणे न्यायाचे नव्हे. आयुर्वेदाने शीत हा वाताचा गुण सांगितला आहे, आणि झिजेने वर्षानुवर्षे आखडलेल्या गुडघ्याला ऊब मानवते, हा अनुभव घरोघरचा आहे. शिवाय बर्फाविषयीचा आपला संशयही काही आजचा नाही. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नामक व्यापाऱ्याने १८३३ साली अमेरिकेतील तळ्यांचा बर्फ जहाजात भरून कलकत्त्यास धाडला, आणि पाठोपाठ तो मुंबईसही उतरू लागला, त्या सुमारास जमशेटजी जिजीभाईंच्या मेजवानीत बर्फ वाढला गेला व यजमानांसह पाहुण्यांना पडसे झाले, असे वृत्त ‘मुंबई समाचार’ने दिल्याचा किस्सा अजूनही सांगितला जातो. तेव्हा आजीबाईंचा अनुभव खोटा नाही. तो या गुडघ्याला लागू पडत नाही, इतकेच. मांडीच्या हाडाचे खालचे टोक व नडगीच्या हाडाचा माथा करवतीने तासून, त्यांवर धातूचे भाग बहुधा सिमेंटने बसवून, मध्ये पॉलिएथिलीनची गादी ठेवून जो सांधा शिवला गेला आहे, तो झिजलेला सांधा राहिलेला नसून एक ताजी आणि खोल जखम आहे. आणि ताज्या जखमेला ऊब दिली की तेथील रक्तवाहिन्या अधिकच विस्फारतात व सूज वाढते.

थंडाव्याने याच्या उलट घडते. त्वचेलगतच्या रक्तवाहिन्या आकसतात, ऊतींत होणारा रक्ताचा व द्रवाचा पाझर मंदावतो, पेशींची प्राणवायूची मागणी घटते आणि वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंचा वेग कमी होतो. यांतील शेवटच्या परिणामाचा एक दाखला रणांगणावरचा आहे : नेपोलियनच्या सैन्याचा सर्जन लारे याने १८०७ सालच्या आयलाऊच्या लढाईत, हाडे गोठवणाऱ्या थंडीत जखमी सैनिकांचे हातपाय कापावे लागले तेव्हा, त्यांना वेदना नेहमीपेक्षा पुष्कळच कमी झाल्याचे नमूद करून ठेवले आहे.

परंतु गुडघ्याच्या रुग्णाला बर्फाचा खरा लाभ वेदनेपलीकडचा आहे. सांध्यात रक्त व पाणी साठले की मांडीच्या पुढल्या बाजूचा जो बलदंड स्नायू, क्वाड्रिसेप्स, तो जणू संपावर जातो : ताणलेल्या सांध्यातून निघणाऱ्या संवेदना मज्जारज्जूतच त्या स्नायूची आज्ञा रोखून धरतात, आणि मनात कितीही आणले तरी सरळ पाय खाटेवरून चार बोटेसुद्धा उचलत नाही. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा प्रकार अनुभवून कित्येक मंडळी खचतात. मुलगा म्हणतो ‘बाबा, जरा जोर लावा’, वडील म्हणतात ‘लावतोय रे’, आणि दोघांचेही म्हणणे खरे असते. दोष इच्छाशक्तीचा नसतो, सुजेचा असतो. ही रोखलेली आज्ञा थंडाव्याने काही काळ सैल पडते, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून मी बर्फाकडे औषध म्हणून न पाहता व्यायामासाठी मिळवलेली मुदत म्हणून पाहतो. ज्याने दिवसभर बर्फ लावला आणि व्यायाम मात्र उद्यावर ढकलला, त्याने ती मुदत फुकट दवडली.

येथे एका आक्षेपाची दखल घेतली पाहिजे. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे ही जी चतुःसूत्री क्रीडावैद्यकात रूढ झाली, ती गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरने १९७८ साली आपल्या पुस्तकात मांडली, आणि पुढे त्यानेच असे कबूल केले की दाह हा जखम भरून येण्याचाच एक टप्पा असल्याने बर्फाचा अतिरेक त्यात व्यत्यय आणू शकतो. हा आक्षेप रास्त आहे, पण तो प्रामुख्याने खेळाडूच्या मुरगळलेल्या स्नायूविषयीचा आहे. नव्या गुडघ्यात सुरुवातीचे काही दिवस सूज इतकी असते की ती आवरल्यावाचून व्यायामाची वाटच मोकळी होत नाही. आक्षेपातून घ्यावयाचे ते एवढेच की बर्फाला वेळेचे बंधन हवे.

ते बंधन साधारणतः एका वेळी १५ ते २० मिनिटांचे असते. पहिल्या काही दिवसांत दोन-तीन तासांच्या अंतराने, आणि पुढे मुख्यत्वे व्यायाम व चालणे झाल्यावर, असा क्रम बहुतेक सर्जन सांगतात. आपल्या सर्जनने निराळा जाबता घालून दिला असेल तर तोच प्रमाण मानावा. कृती अशी : बर्फ कपड्यात गुंडाळून लाटण्याने कुटावा, म्हणजे त्याचे कोपरे टोचत नाहीत, तो थोड्या पाण्यासह जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून, हवा दाबून काढून, तोंड बांधावे, आणि ती पिशवी ओल्या करून पिळलेल्या पातळ पंच्यात गुंडाळून गुडघ्यावर पसरावी. जखमेवरची पट्टी जलरोधक नसेल तर मात्र पंचा कोरडाच हवा. बाजारातली बर्फाची लादी आणणार असाल, तर तो बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही, हे ध्यानात ठेवून पिशवी गळकी नाही ना, ते दोनदा पाहावे. अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याचा दंडक महाराष्ट्रात २०१८ साली घातला गेला तो याच भेसळीपायी. पाय ठेवताना उशी टाचेखाली व पोटरीखाली द्यावी, गुडघ्याखाली कदापि नव्हे. गुडघ्याखालच्या उशीने बरे वाटते हे खरे, परंतु त्या सुखात गुडघा किंचित वाकलेलाच राहू लागतो आणि तो सरळ करण्यासाठी पुढे घाम गाळावा लागतो.

वितळता बर्फ मी श्रेयस्कर मानतो, त्याचे कारण पदार्थविज्ञानात आहे. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो आणि तोवर त्याचे तापमान शून्य अंशावरच राहते. उलट डीप फ्रीझमधून नुकतीच काढलेली जेलची पिशवी उणे १८ अंशांच्या आसपास असू शकते, म्हणजे हाताला मऊ पण कातडीला बर्फाहूनही घातक. ती वापरावयाची तर जाड कापडातूनच. आणि कातडीच्या तक्रारीवर येथे विसंबता येत नाही, हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. कारण शस्त्रक्रियेच्या छेदात त्वचेची एक बारीक संवेदना-नस बहुधा तुटते व गुडघ्याच्या बाहेरील अंगाला बधिरपणा येतो, शिवाय पहिल्या दिवशी भुलीच्या इंजेक्शनाचा अंमलही शिल्लक असू शकतो. रुग्ण ‘काही वाटत नाही’ म्हणून निर्धास्त झोपी जातो, आणि तासाभराने पाहावे तो कातडी पांढरी पडून पुढे फोड येतात. म्हणून दर पाच मिनिटांनी पिशवी उचलून कातडी पाहावी, आणि बर्फ लावून झोपू नये. बाहेरच्याच अंगाला, पायातील बारीक हाडाच्या डोक्याला वळसा घालून जाणारी एक नस अगदी उथळ असते. तिच्यावर पिशवी आवळून फार वेळ ठेवल्याने पाऊल वर उचलेनासे झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्यांनी, पायांचा रक्तपुरवठा अपुरा असलेल्यांनी, थंडीने बोटे पांढरी-निळी पडणाऱ्यांनी वा अंगावर गांधी उठणाऱ्यांनी सर्जनच्या अनुज्ञेवाचून बर्फास हात लावू नये.

आता यंत्रांविषयी. बर्फाचे पाणी मोटारीने खेळवून गुडघ्याभोवतीच्या पट्ट्यात फिरवणारी, शिवाय दाबही देणारी उपकरणे आता भाड्यानेही मिळतात. त्यांत सोय आहे, हे नाकारत नाही; एकट्या राहणाऱ्या वृद्धाला बर्फ कुटण्याची यातायात वाचते. परंतु या शस्त्रक्रियेनंतरच्या थंडाव्याविषयी २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत २२ चाचण्या व १८३९ रुग्ण एकत्र तपासून निघालेला निष्कर्ष माफक आहे : रक्तस्राव, आरंभीची वेदना आणि गुडघ्याचे वाकणे यांत थोडा लाभ संभवतो, मात्र पुरावा कमी खात्रीचा. थंडाव्याचाच हिशेब जेथे असा, तेथे महागड्या यंत्रासाठी कर्ज काढण्याचे कारण मला दिसत नाही. केंद्र सरकारने २०१७ च्या ऑगस्टमध्ये कृत्रिम गुडघ्याच्या भागांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा जे पैसे वाचले ते अशा उपकरणांवर उधळण्यापेक्षा फिजिओथेरपिस्टच्या चार जास्तीच्या फेऱ्यांवर खर्च करावेत.

सूज आठवड्यांनी उतरते. गुडघ्याची ऊब मात्र दुसऱ्या गुडघ्याच्या तुलनेत कित्येक महिने टिकते, आणि ती एकटीच असेल तर काळजीचे कारण नाही. तिच्या जोडीला ताप, पसरत जाणारी लाली, जखमेतून स्राव किंवा दिवसागणिक वाढणारी वेदना असेल, अथवा पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली असेल, तर बर्फाची पिशवी बाजूला ठेवून, पोटरी न चोळता, त्याच दिवशी सर्जनला गाठावे. आणि धाप लागली वा छातीत दुखू लागले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात जावे. पुढील लेखांकात जिना चढण्या-उतरण्याचा विचार करू.