जुन्या कॅसेटींसाठी घरचा संगणक : कोणता भाग घ्यावा आणि का

मंडळाच्या बैठकीनंतर हल्ली एक प्रश्न ठरलेला असतो. घरात लग्नाच्या, गणपतीच्या कॅसेटी पडून आहेत, आजीची मुलाखत फोनवर घेतली आहे. हे सगळं घरीच कापून-जोडून नीट करायचं, तर संगणक कसला घ्यावा? तोंडी उत्तर देताना काहीतरी सुटतंच, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी हे काम कशासाठी, ते स्पष्ट असावं. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली हजारो मराठी कुटुंबं आहेत. त्यांच्या येण्याची, लूमवरच्या दिवसांची, चाळींची नोंद कागदावर फार थोडी. ती आहे म्हाताऱ्या माणसांच्या अहिराणी बोलण्यात आणि नव्वदच्या दशकातल्या लग्नाच्या कॅसेटींत. वरातीच्या मागे दिसणारा रस्ता बघा. १९९४ च्या प्लेगनंतर, १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात शहराची सफाई आणि रस्तारुंदी झाली. त्याआधीची सुरत अनेकदा फक्त अशा वरातीच्या मागेच उरली आहे.

म्हणून माझं सांगणं एकच : संगणक निवडताना सुरुवात दुकानापासून नको, कॅसेटीपासून करा. दुकानात "एडिटिंगचा पीसी" म्हटलं की बहुतेक वेळा गेमिंगचा पीसी दाखवतात, म्हणजे मोठं ग्राफिक्स कार्ड आणि छोटी डिस्क. आपल्याला बरोबर उलटं हवं.

आपल्याकडे काय आहे, ते मोजा

व्हीएचएस कॅसेट अॅनालॉग. ती जपण्यासाठी एफएफव्ही१ सारख्या, काहीही न गमावणाऱ्या पद्धतीत साठवली तर तासाला साधारण ३० ते ५० जीबी लागतात. मिनीडीव्ही मुळातच डिजिटल, तासाला सुमारे १३ जीबी. फोनवरचं फोर-के चित्रण तासाला १० ते २० जीबी, आणि १०० मेगाबिटवर चालणारा कॅमेरा असेल तर ४५ जीबी.

समजा तीन तासांच्या वीस व्हीएचएस आहेत. ४० जीबीने हिशेब केला तर २.४ टीबी. त्यात तीस मिनीडीव्हीचे ४०० जीबी आणि दहा तासांच्या मुलाखतींचे २०० जीबी मिळवा. तीन टीबी इथेच झाले. ही फक्त मूळ प्रत. कापलेल्या, जोडलेल्या फाइली वेगळ्या.

डिस्क : खर्च इथे करा

तीन वेगळ्या जागा ठेवा. विंडोज किंवा लिनक्स आणि सॉफ्टवेअरसाठी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी. चालू कामासाठी दुसरी, एक किंवा दोन टीबीची. आणि मूळ प्रतींसाठी आठ टीबीची साधी हार्ड डिस्क. सलग वाचायला हार्ड डिस्कचा वेग पुरतो. पण एडिटिंगमध्ये आपण इकडून तिकडे उड्या मारतो, तिथे ती अडखळते. म्हणून चालू काम एसएसडीवर. हार्ड डिस्क घेताना ती सीएमआर प्रकारची आहे ना, हे विचारा. एसएमआर डिस्क स्वस्त पडते, पण मोठ्या फाइली सतत लिहिताना फार मंदावते.

मूळ प्रतीच्या डिस्कसारखीच आणखी एक डिस्क घ्या आणि ती संगणकाबाहेर ठेवा. तिसरी प्रत शहराबाहेर. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचं पाणी सोडल्यावर तापी शहरात शिरली आणि कित्येक घरांचे तळमजले दिवसेंदिवस पाण्याखाली होते. त्या पाण्यात एकाच कपाटातल्या दोन प्रती एकदमच जातात. आपल्यापैकी बहुतेकांचं कुणी ना कुणी धुळ्याला, पुण्याला आहे; डिस्क त्यांच्याकडे द्या, वर्षातून एकदा लावून तपासा. कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडी नको, कारण वीज न मिळता ती फार काळ पडून राहिली तर त्यातली माहिती पुसली जाऊ शकते.

मदरबोर्ड : खाचा मोजून घ्या

मिनीडीव्ही कॅमेऱ्यातून फायरवायरने काढावी. त्यात टेपवरची माहिती जशीच्या तशी उतरते. अशा कॅमेऱ्यांच्या यूएसबीतून बहुधा हलकं चित्र मिळतं. नव्या मदरबोर्डवर फायरवायर नसतं, म्हणून त्याचं छोटं कार्ड लावायला एक मोकळी पीसीआय एक्सप्रेस खाच लागते. जाड ग्राफिक्स कार्ड नेमकं त्याच खाचेवर येऊन बसतं, ते आधीच पाहून घ्या. एसएसडीसाठी दोन एम.२ जागा आणि किमान चार साटा जोडण्या हव्यात. काही बोर्डांवर दुसरी एम.२ जागा वापरली की एखादी साटा जोडणी बंद पडते. ते माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं.

व्हीएचएससाठी चांगला प्लेयर आणि एस-व्हिडिओ किंवा कंपोझिट घेणारं कॅप्चर उपकरण लागतं. चित्र थरथरत असेल तर टाइमबेस करेक्टर असलेला प्लेयर फार उपयोगी. मूळ प्रत इंटरलेस्डच ठेवा. बघण्यासाठीची प्रत वेगळी काढून तिथे सेकंदाला ५० फ्रेम करा.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड

कॅसेटीचं चित्र ७२० बाय ५७६. त्याला आजचा कुठलाही मधला प्रोसेसर पुरतो. दमछाक होते ती फोनच्या एच.२६५ फाइलींची. त्या फोडून दाखवण्याची खास सोय इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये असते. तिचं नाव क्विक सिंक. म्हणून नावात "एफ" असलेला इंटेल प्रोसेसर थोडा स्वस्त दिसला तरी घेऊ नका, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतं. सहा ते दहा कोरचा, क्विक सिंकचा प्रोसेसर असेल तर केडेनलाइव्ह किंवा शॉटकटवर वेगळ्या कार्डाशिवाय काम चालतं. डाविंची रिझॉल्व्ह मात्र ग्राफिक्स कार्डावर बराच भार टाकतं. त्यासाठी आठ जीबी मेमरीचं मधलं कार्ड बरं. तेही नंतर घालता येतं.

फोर-के अडखळलं तर प्रॉक्सी करा. म्हणजे प्रत्येक फाइलीची हलकी नक्कल करून तिच्यावर काम करायचं आणि शेवटी मूळ फाइल जोडायची. यात खर्च काहीच नाही, थोडा वेळ जातो.

बाकीचं थोडक्यात

रॅम ३२ जीबी, सोळाच्या दोन पट्ट्यांत. फक्त कॅसेटींचंच काम असेल तर १६ चालेल. पॉवर सप्लाय नावाजलेल्या कंपनीचा, ५५० ते ६५० वॉटचा. यूपीएस हवाच : तीन तासांची कॅसेट उतरवताना अडीच तासांनी वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून, आणि जुनी टेप दर फेरीला झिजते. मॉनिटर आयपीएस प्रकारचा, पूर्ण एसआरजीबी रंग दाखवणारा, नाहीतर जरीकामाचा सोनेरी रंग पिवळा वाटून आपण तो उगाच बदलत बसतो. आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन. मुलाखतीमागे लूमचा आवाज असतो, त्यातून अहिराणी शब्द ओळखायला साधे स्पीकर पुरत नाहीत.

क्रम

संगणक पुढच्या वर्षीही मिळेल, कदाचित स्वस्तही. व्हीएचएस यंत्रांचं तसं नाही. शेवटची उत्पादक म्हणून ओळखली जाणारी जपानची फुनाई कंपनी जुलै २०१६ मध्ये थांबली; आता जी यंत्रं आहेत ती दुरुस्त करत चालवायची. शिवाय आपल्या पावसाळ्यात टेपेला बुरशी लागते. बुरशीची कॅसेट प्लेयरमध्ये घालू नका, ती प्लेयरचं डोकं खराब करते आणि पुढच्या कॅसेटीलाही लागते. तिला आधी साफसफाई हवी.

म्हणून पैसे कमी असतील तर पहिल्या वर्षी प्लेयर, कॅप्चरची सोय आणि दोन हार्ड डिस्क घ्या. उतरवायला जुना संगणकही चालतो. एडिटिंगचा नवा संगणक दुसऱ्या वर्षी. पुढच्या बैठकीला येताना एका कागदावर तीन गोष्टी लिहून आणा : कुठल्या प्रकारच्या किती कॅसेटी, एकूण तास किती, आणि तिसरी प्रत कुणाच्या घरी राहणार. एवढं असलं की सुट्या भागांची यादी अर्ध्या तासात होते.