शिष्याचा अंगठा राखणारे गुरुजी

क्रीडा प्रशिक्षकांच्या गौरवासाठी भारत सरकारने १९८५ साली द्रोणाचार्य पुरस्कार सुरू केला. पहिल्या वर्षीच्या तीन मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते. पी. टी. उषाचे गुरू ओ. एम. नंबियार आणि मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज हे अन्य दोघे. रमाकांत आचरेकर सरांना तो १९९० साली मिळाला. या पुरस्काराचे नाव वाचताना माझ्यातला डॉक्टर मात्र दरवेळी अडखळतो. द्रोणाचार्यांची जी कथा आपल्या घराघरांत लहान मुलांना सांगितली जाते, ती शिष्याचा उजवा अंगठा मागून घेतल्याची आहे. हाताच्या एकूण कामापैकी सुमारे चाळीस टक्के काम एकट्या अंगठ्याचे असते, असे शस्त्रवैद्य मानतात. इतके मोठे अपंगत्व देणाऱ्या गुरूच्या नावाने आपण उत्तम प्रशिक्षक गौरवतो!

हा केवळ नावाचा वाद नव्हे. प्रशिक्षकाची थोरवी ठरवताना आपण मुख्यतः त्याच्या शिष्यांची पदके मोजतो. पुरस्काराच्या निकषांत तेच आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातही तेच. किती मुले गुडघा, कंबर किंवा खांदा गमावून मध्येच घरी बसली, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. ती मुले आमच्या दवाखान्यात येतात.

भिवंडीत हे चित्र पोलीस भरतीच्या हंगामात हमखास दिसते. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. रात्रपाळीत यंत्रमाग चालवणाऱ्या किंवा गोदामात माल उतरवणाऱ्या घरांतली ही मुले पहाटे डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत धावू लागतात. वर्षभर न धावलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात रोज पाच-सहा किलोमीटर काढतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी दुखू लागते. दुखणे नडगीच्या लांबीभर पसरलेले असेल तर विश्रांतीने बहुधा थांबते. पण एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल आणि पुढे बसल्याजागीही दुखू लागले, तर हाडाला ताणाची बारीक चीर गेल्याची शंका घ्यावी लागते. पहिले दोन-तीन आठवडे ती साध्या एक्स-रेत दिसतही नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर मुलगा पुन्हा धावतो आणि चिरेचे पूर्ण अस्थिभंगात रूपांतर होऊ शकते. धावण्याचे अंतर हळूहळू वाढवणारा आणि आठवड्यातून एक-दोन दिवस सक्तीची सुटी देणारा जाणता शिक्षक वेळेत भेटला असता, तर यातील बहुतेक मुलांना माझी गरज पडली नसती.

असे शिक्षक आपल्या परंपरेत होते. बडोद्याचे प्रोफेसर माणिकराव हे त्यांतले अग्रणी. जुम्मादादा या आपल्या गुरूंच्या नावाने चालणाऱ्या व्यायाममंदिरात ते तालीम देत आणि मोडलेली, निखळलेली हाडेही बसवत. व्यायाम शिकवणारा आणि इजेवर उपचार करणारा हात एकच होता! ज्याला रोज मोडलेले हाड हाताळावे लागते, तो आखाड्यात ते मोडू नये याची काळजी आपोआप घेतो. याच माणिकरावांकडे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण शिकला. पुढे स्वामी कुवलयानंद झालेल्या या शिष्याने १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि आसने व प्राणायाम यांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, हे एक्स-रे व रक्तदाबमापकासारख्या साधनांनी तपासायला घेतले. गुरू सांगतात म्हणून करायचे, येथून मोजून पाहून करायचे, येथपर्यंतचा हा प्रवास एकाच गुरुपरंपरेत झाला, याचे मला फार कौतुक वाटते.

अमेरिकेत या कामाचा स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. तेथील ॲथलेटिक ट्रेनर म्हणजे जिममध्ये वजने उचलायला लावणारा नव्हे. इजा टाळणे, मैदानावर प्रथमोपचार करणे आणि जायबंदी खेळाडूला टप्प्याटप्प्याने पुन्हा खेळात आणणे हे त्याचे काम. त्यांची राष्ट्रीय संघटना १९५० साली स्थापन झाली आणि १९९० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या व्यवसायाला आरोग्यसेवेचा भाग म्हणून मान्यता दिली. विशेष म्हणजे असे ट्रेनर घडवणाऱ्या अध्यापकांसाठी ही संघटना वेगळा सन्मान देते. आपल्याकडे हे काम फिजिओथेरपिस्ट, प्रशिक्षक आणि शाळेतले पी.टी.चे सर यांच्यात विभागलेले आहे. लहान गावांत तर ते एकट्या पी.टी.च्या सरांवर असते आणि त्यांचा तास गणिताच्या शिक्षकांना उसना दिला जातो.

आपल्या राज्यातील अलीकडचा एक गौरव मात्र मला मनापासून पटला. दादरच्या शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. मल्लखांब त्यांनी देश-विदेशांत पोहोचवला हे खरेच. पण दृष्टिहीन मुलांनाही तो शिकवला, हे मला अधिक मोलाचे वाटते. ज्याला खांब दिसत नाही, त्याला त्यावर चढवायचे तर पकड कशी, पाय कोठे, उतरताना तोल कसा, हे सारे शब्दांतून आणि स्पर्शातून शिकवावे लागते. शिकवण्याची याहून कठीण परीक्षा मला सुचत नाही.

आपल्या मुलाचे सर या जातीचे आहेत का, हे एक-दोन संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभे राहिलात तरी कळेल. नवीन मुलाला ते प्रथम पडायला शिकवतात का? शिक्षा म्हणून शंभर बैठका काढायला लावतात का? सवय नसताना अशा बैठका काढल्याने स्नायू तुटून लघवी काळ्या चहासारखी होऊ शकते आणि मूत्रपिंडे धोक्यात येऊ शकतात. तेव्हा व्यायामाची शिक्षा करणाऱ्या शिक्षकापासून मुलाला दूरच ठेवा. आमच्याकडच्या दमट उकाड्यात घाम वाळत नाही, अंग निवत नाही. अशा वेळी ते स्वतःहून पाण्यासाठी थांबवतात का? डोक्याला मार लागून गरगरलेल्या मुलाला, तो ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी, त्या दिवशी पुन्हा खेळायला उतरू देत नाहीत ना? वाढत्या वयातल्या मुलाचा गुडघ्याखालचा उंचवटा दुखत असेल, तर उड्या कमी करायला सांगतात की ‘सहन कर’ म्हणतात? आणि झटपट दंड फुगवण्यासाठी पावडर किंवा इंजेक्शन सुचवणारा भेटला, तर त्याच दिवशी नाव काढून घ्या.

शाळेच्या पालक-शिक्षक संघात आपण असाल, तर पुढच्या बैठकीत एक साधी वही मागा. तारीख, मुलाचे नाव, काय लागले, कशाने लागले, किती दिवस खेळ बंद राहिला, एवढे पाच रकाने पुरेत. वर्षअखेर ती वही आणि हजेरीपट शेजारी ठेवून पाहावेत. मैदानावर मुलांची गर्दी भरपूर आणि वहीत नोंदी मोजक्या, असे दिसले, तर स्नेहसंमेलनात पहिला नारळ आणि शाल पी.टी.च्या सरांना द्यावी. नोंदी मोजक्या असूनही मैदान ओस असेल, तर मुले खेळतच नाहीत एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या वर्षी नोंदी जास्त दिसल्या तरी सरांना धारेवर धरू नका. धरलेत तर दुसऱ्या वर्षी वही कोरीच राहील आणि दुखावलेला मुलगा लंगडत परस्पर दवाखान्यात येईल.