‘सेबी’ काय करते, काय करत नाही?

नव्वदच्या दशकात नव्या शेअरसाठी ज्यांनी अर्ज भरले, त्यांना ते दिवस आठवत असतील. अर्जासोबत चेक जोडायचा आणि पोस्टमनची वाट पाहत बसायचे. शेअर मिळाले तर सर्टिफिकेट यायचे, नाहीतर पैसे परत. पण तोवर रक्कम हातची गेलेलीच! आज ती आपल्या बँक खात्यातच अडवून ठेवली जाते, शेअर मिळाले तरच कापली जाते. हा बदल ‘सेबी’ने २००८ पासून आणला.

सेबी म्हणजे भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ. स्थापना १९८८ सालची, पण सुरुवातीला कायद्याचे पाठबळच नव्हते. दात नसलेला वाघ म्हणा ना! अधिकार मिळाले १९९२ मध्ये. त्याच वर्षी हर्षद मेहता प्रकरण बाहेर आले आणि बँकांचा पैसा शेअरबाजारात कसा खेळवला जात होता, ते साऱ्या देशाला कळले. पुढे १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने ‘डीमॅट’ आले. बनावट सर्टिफिकेट, न जुळणारी सही, टपालात गहाळ झालेले शेअर ही कटकट हळूहळू संपली.

सगळेच काही वेळेवर झाले असे नाही. सागवानाची रोपे लावा आणि श्रीमंत व्हा, अशा जाहिराती तेव्हा किती झळकत! अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी सेबीचे नियम आले १९९९ मध्ये. तोपर्यंत कित्येकांची आयुष्याची पुंजी बुडाली होती.

एक गैरसमज मात्र अजून टिकून आहे. सेबीकडे नोंदणी आहे म्हणजे पैसे सुरक्षित, असे नव्हे. शेअरचा भाव पडला तर नुकसान आपलेच. बँकेतल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येतात, चिट फंड राज्य सरकारच्या. मात्र मोबाइलवर कुणी ‘हमखास दुप्पट’ म्हणू लागला, तर त्याचा नोंदणी क्रमांक विचारावा आणि सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळून पाहावा. क्रमांक सांगायला तो टाळाटाळ करू लागला, की तिथेच थांबावे.

आणि फसवणूक झालीच तर? आधी कंपनीकडे किंवा दलालाकडे लेखी तक्रार करावी. दाद लागली नाही तर २०११ पासून सुरू असलेल्या सेबीच्या ‘स्कोअर्स’वर ती नोंदवावी. त्यासाठी पैसे पडत नाहीत. व्यवहाराच्या पावत्या आणि पत्रव्यवहार मात्र जपून ठेवलेला हवा.