गेम अडकतोय? पार्ट बदलण्याआधी तापमान बघा

वर्धा जिल्ह्यातल्या आंजी (मोठी)सारख्या गावात गेम अडकू लागला की पहिला संशय व्होल्टेजवर जातो, कारण संध्याकाळी पंपांचा लोड वाढला की दिवे मंदावताना दिसतात. पण लक्षणं नीट वेगळी करा. चांगला एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो. व्होल्टेज त्याहून खाली गेलं किंवा एसएमपीएस कमजोर असला, तर पीसी बहुधा थेट बंद पडतो नाहीतर रीस्टार्ट होतो. सतत अडकणं हे बऱ्याचदा उष्णतेचं लक्षण असतं. मे महिन्यात वर्ध्यात पारा ४५ अंशांवर जातो, हीटसिंकच्या पात्यांत धूळ अन् कापसाचे तंतू बसतात. प्रोसेसर ९५-१०० अंशांना पोचला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो.

कुणी म्हणेल, नवं ग्राफिक्स कार्ड टाकून फरक पडलाच की! पडतो, पण कार्ड बसवताना डबा उघडून बऱ्याचदा साफही झालेला असतो, मग श्रेय कुणाचं? म्हणून आधी एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये गेम चालू असतानाचं तापमान आणि क्लॉक (प्रोसेसरचा वेग) बघा. लॅपटॉपवाल्यांनी चार्जरचे वॅट जरूर तपासावेत. तिथे वीज कमी पडली की वेग खरंच घटतो. आकडे कमेंटमध्ये टाका, मिळून बघू.